जहाजानं धरून ठेवलेले पैसे

माझ्या पायाला भिंगरी आहे असं बाबा म्हणतात, आणि ते कौतुकानं म्हणत नाहीत. मला एका जागी फार वेळ बसवत नाही. मी खुर्चीत बसून गणित शिकवलेलं शाळेत कुणी पाहिलेलं नाही, आणि मुलं मधल्या सुट्टीत माझ्या येरझाऱ्यांची नक्कल करतात हेही मला ठाऊक आहे. घरात आम्ही दोघंच. बाबा ऐंशीच्या पुढचे, मी पन्नाशी ओलांडलेली, लग्न न केलेली. आई गेल्यापासून हरिशंकरपुरमच्या आमच्या घरातला दिवस बाबांच्या चहाच्या वेळांवर चालतो. त्यांना सगळं जिथल्या तिथं लागतं, आणि मला फार दिवस जिथल्या तिथं असलेलं काही बघवत नाही. तेव्हा क्रूझवर जायचं खूळ कुणाच्या डोक्यातून निघालं हे वेगळं सांगायला नको.

आमच्या ग्वाल्हेरात पाणी बघायचं तर लोक तिघराच्या धरणावर जातात, भजी खातात आणि परत येतात. मला काठ नसलेलं पाणी बघायचं होतं. मुंबईहून निघून गोव्याला टेकून परत येणाऱ्या एका जहाजाची दोन तिकिटं मी माझ्या क्रेडिट कार्डावर काढून टाकली आणि मग बाबांना सांगितलं. ते समुद्राबद्दल काही बोललेच नाहीत. चष्म्यावरून बघत म्हणाले, “उधारीवर?”

बाबांची सगळी नोकरी सरकारी हिशेब तपासण्यात गेली. दुसऱ्यांनी केलेल्या खर्चात चूक काढायची, हे त्यांचं काम. ते त्यांनी इतकं मन लावून केलं की निवृत्तीनंतरही ते थांबलं नाही, फक्त सरकारच्या जागी भाजीवाला, दूधवाला आणि मी आलो. क्रेडिट कार्ड म्हणजे त्यांच्या लेखी शुद्ध उधारी. त्यांच्याकडे आहे ते पेन्शनच्या खात्याचं डेबिट कार्ड, बँकेनं दिलेल्या कागदी पाकिटात अजून जपलेलं. त्या खात्यात ते महिन्याला लागतील तेवढेच पैसे ठेवतात, बाकीचं सगळं मुदत ठेवीत. हातात जास्त राहिलं की माणूस वाहवतो, असं त्यांचं म्हणणं, आणि हे बोलताना ते माझ्याकडे बघतात.

“पण पहिली तारीख मध्ये येते,” ते म्हणाले.

पहिली तारीख म्हणजे आत्या. ती बाबांची थोरली बहीण, लवकर विधवा झालेली, मूलबाळ नाही. आयुष्यभर एका खाजगी शाळेत तिनं मराठी शिकवलं आणि आता किला गेटजवळ दोन खोल्यांत भाड्यानं राहते. पाटणकर बाजारात आमची जुनी जागा होती, खाली दुकान आणि वर राहायच्या खोल्या. आजोबांच्या मागे ती दोघांची होती. बाबांनी ती तिला न विचारता विकायला काढली. सौदा ठरल्यावर हक्क सोडल्याचा कागद तयार करून तिच्यापुढे ठेवला आणि सही कुठं करायची ते बोटानं दाखवलं. मी तिथंच होते. आत्यानं सही केली, पेनाला टोपण लावलं आणि म्हणाली, “आता तुझ्या उंबऱ्याला माझा पाय लागायचा नाही. तूही माझ्याकडे यायचं नाहीस.”

बाबांना आपण काय केलं ते उशिरा उमगलं. दर महिन्याला काही रक्कम द्यायची असं त्यांनी ठरवलं आणि एका नातेवाइकामार्फत निरोप पाठवला. तिकडून उत्तर आलं, घेईन, पण पहिल्या तारखेला आणि तुझ्याच नावानं. तू आहेस तोवर. तुझ्या मुलीचा एक पैसा नको. तेव्हापासून बँकेला कायमची सूचना आहे, पहिल्या तारखेला पैसे आपोआप तिच्या खात्यात जातात. बहीणभाऊ एकाच गावात राहतात, एकमेकांचं तोंड बघत नाहीत, पण पहिली तारीख कधी चुकलेली नाही. बाबांचा सगळा जीव त्या तारखेत आहे. बहिणीशी आपण कसेही वागलो असू, पण दिलेला शब्द पाळतो, एवढं त्यांना स्वतःला सांगता येतं.

“आपोआपच जातात ना बाबा?” मी म्हटलं. “आपण समुद्रात गेलो म्हणून बँक थोडीच बुडणार आहे?”

ते शेवटी आले, कारण मला एकटीला पाठवायचं त्यांच्या जिवावर आलं. निदान ते तसं म्हणाले.

मुंबईच्या बंदरावर जहाजाच्या काउंटरसमोर लांबलचक रांग होती. मी रांगेतून चार वेळा बाहेर पडून जहाज बघून आले, आणि दर वेळी बाबांनी माझी जागा धरली म्हणून मागचे लोक त्यांच्याशी भांडले. आमचा नंबर आला तेव्हा काउंटरवरच्या मुलीनं एक कार्ड मागितलं. जहाजावर रोख चालत नाही, ती सांगू लागली, चहापासून दुकानापर्यंत सगळा खर्च खोलीच्या नावावर चढतो आणि शेवटी एकदम वसूल होतो. त्यासाठी आत्ता कार्डावर एक ठरावीक रक्कम होल्ड होईल. मी पर्समध्ये हात घातला, पण बाबांचं कागदी पाकीट आधीच काउंटरवर पोचलं होतं.

“तिकिटं हिनं काढली. जहाजावरचा खर्च माझा.”

आमच्यात हे असंच चालतं. थोरल्यानं धाकट्याला पैसे देऊ द्यायचे नाहीत, त्यासाठी हॉटेलात धक्काबुक्की झाली तरी बेहत्तर. मुलगी बिचारी चांगली होती. म्हणाली, “काका, क्रेडिट कार्ड असेल तर ते द्या. त्याच्यात बँकेची मर्यादा अडकते. डेबिट दिलंत तर तुमचे खात्यातले खरे पैसे अडकून बसतील.”

“खरे आहेत म्हणूनच देतोय,” बाबा म्हणाले. मागचे लोक ओरडत होते, मला कधी एकदा त्या शिडीवर चढतेय असं झालं होतं. मी वाद घातला नाही.

खोलीत पोचून बॅग ठेवतो न ठेवतो तोच बाबांचा फोन वाजला. बँकेचा मेसेज. त्यांनी तो हातभर लांब धरून वाचला.

“अजून पाणीसुद्धा प्यायलो नाही, आणि पैसे गेले?”

“गेले नाहीत. धरून ठेवलेत.”

“कुणी?”

“जहाजानं.”

“म्हणजे जहाजाला मिळाले?”

“नाही. जहाजालाही नाही मिळाले.”

“मग माझ्याकडे आहेत?”

“तुमच्याकडेच आहेत, पण वापरता येणार नाहीत.”

बाबा पलंगावर बसले. हिशेबनीसाला असं काही सांगणं म्हणजे त्याच्या आयुष्याचा अपमान आहे हे मला त्यांच्या तोंडावर दिसत होतं. “पैसा एक तर असतो, नाही तर नसतो,” ते म्हणाले. “एक तर नावे, एक तर जमा. तिसरा रकाना मी अख्ख्या नोकरीत पाहिला नाही.”

मी मास्तरीण. समजावून सांगायची खोड जात नाही. “बसमध्ये खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं हे. सीट रिकामी आहे, पण कुणी बसू शकत नाही. जहाजानं तुमच्या पैशावर रुमाल टाकलाय. शेवटी बिल होईल तेवढं घेतील आणि रुमाल उचलतील.”

“कधी उचलतील?”

“ते बँकेवर असतं.”

“म्हणजे कधी?”

मला ते माहीत नव्हतं, आणि माहीत नसलं की मला राग येतो. मी डेकवर निघून गेले.

समुद्राबद्दल लिहायचं तर मला वेगळं बसावं लागेल, आणि मला बसवत नाही. एवढंच सांगते, की मी त्या जहाजाचे सगळे मजले पायाखाली घातले. लोक आरामखुर्च्यांत पसरलेले, मी त्यांच्यामधून फिरतेय. काठ नसलेलं पाणी हवं होतं ते मिळालं, आणि मिळाल्यावर मी काठ शोधू लागले. बाबांनी पांढरी टोपी घालून थोडा वेळ समुद्राकडे पाहिलं आणि मग जहाजाचं रिसेप्शन गाठलं. तिथं त्यांना कळलं, की आम्हा दोघांचा खर्च एकाच खात्यावर चढतोय. त्यांची कोरी कॉफी, माझं इंटरनेटचं पॅकेज, माझी आइस्क्रीम, सगळं एकाखाली एक.

हे त्यांना चालण्यातलं नव्हतं. पैसे दोन्हींचे तेच देणार होते, पण हिशेब वेगळा हवा होता. त्यांनी तिथल्या माणसाला सांगितलं, की ही नोंद रद्द करा आणि नव्या दोन करा, एक माझी आणि एक हिच्या उधळेपणाची. त्या माणसानं त्यांना समजावलं, की सर, नव्या नोंदी केल्या तर नवे होल्ड लागतील, आणि जुना सुटायला वेळ लागतो. बाबा म्हणाले, “चुकीची नोंद खोडून बरोबर नोंद घालण्यात वेळ कसला?” आयुष्यभर त्यांनी हेच केलं होतं. लाल रेघ, शेजारी बरोबर आकडा, खाली आद्याक्षरं, आणि विषय संपला. त्या माणसानं त्यांना हवं तसं करून दिलं.

वर ते रोज संध्याकाळी त्या दिवसाचं बिल रोख भरून येऊ लागले. जहाजात इतरत्र रोख चालत नव्हती, पण रिसेप्शनवर घ्यायचे, पावतीही द्यायचे. बाबा खूश. त्यांची समजूत अशी, की आपण रोजचं देणं रोज फेडतोय, तेव्हा धरून ठेवण्यासारखं काही उरतच नाही. मला हे सगळं त्यांनी जेवताना अभिमानानं सांगितलं. माझं अर्धं लक्ष खिडकीबाहेर होतं. तीन रुमाल पडले होते आणि आम्हाला पत्ता नव्हता, कारण भर समुद्रात बाबांच्या फोनला नेटवर्क नव्हतं.

गोव्याला जहाज लागलं तो पहिल्या तारखेचा दिवस. मी सगळ्यांच्या आधी उतरायच्या तयारीनं चपला घालून दारात उभी, आणि बाबांचा फोन एकामागून एक वाजायला लागला. त्यांनी चष्मा शोधला, वाचलं, पुन्हा वाचलं आणि फोन माझ्याकडे दिला. पहिले दोन मेसेज नव्या होल्डचे. तिसरा, खात्यात पुरेशी शिल्लक नसल्यामुळे आपली कायमची सूचना पूर्ण होऊ शकली नाही.

“माझ्या खात्यात पैसे नाहीत?”

“आहेत, बाबा.”

“मग बँक खोटं बोलते?”

त्यांचा आवाज इतका लहान झालेला मी आईच्या वेळीही ऐकला नव्हता. मला त्यांचा राग यायला हवा होता, सगळं त्यांनीच ओढवून घेतलं होतं. राग आला नाही. मला भीती वाटली.

मी चपला पायात तशाच ठेवून रिसेप्शनवर धावले. तिथला माणूस म्हणाला, मॅडम, आम्ही जुना होल्ड त्याच दिवशी सोडला, आता तुमच्या बँकेनं तो उचलायला हवा. बँकेला फोन लावला. एक दाबा, दोन दाबा, गाणं ऐका. शेवटी एक मुलगा मिळाला, तो हिंदीत म्हणाला, “मैडम, वो तो मर्चेंट की तरफ़ से रिलीज़ होगा।” मी फोन कानाला लावून त्या गुळगुळीत फरशीवर इकडून तिकडे चालत होते. जहाज बँकेकडे बोट दाखवत होतं, बँक जहाजाकडे, आणि मध्ये बाबांचे पैसे त्यांचेच असून कुणाचेच नव्हते. मुदत ठेव मोडावी तर शाखा ग्वाल्हेरला. बाबांच्या फोनवर बँकेचं ॲप नाही, कारण फोनमध्ये पैसे ठेवतात का?

“मी पाठवते,” मी खोलीत येऊन म्हटलं. “तेवढीच रक्कम. आत्ता, या मिनिटाला. तिला काय फरक पडतो?”

“तिनं सांगितलंय, मुलीचे नकोत.”

“मग दोन-चार दिवसांनी तुमचे सुटले की पाठवू.”

“पहिली चुकवायची?”

मग ते उठले, खोलीच्या गोल खिडकीपाशी गेले, परत आले. बाबांना येरझाऱ्या घालताना मी पहिल्यांदाच पाहत होते आणि ते मला सहन होत नव्हतं. शब्दाचे दोन भाग होते, तारीख आणि नाव, आणि त्या दिवशी त्यांना एकच पाळता येणार होता. 

“तारीख पाळ,” ते शेवटी म्हणाले. “मी विसरलो असं तिला वाटायला नको. आणि तिला बरोबर सांगून दे, की पैसे फसले आहेत म्हणून.”

मी पाठवले. मग आत्याला फोन लावला. बंद. तिच्याकडे एक जुना बटणांचा फोन आहे, तो ती बॅटरी वाचवायला बंद ठेवते आणि सकाळी मेसेज बघण्यापुरता चालू करते, हे आम्हाला त्याच मधल्या नातेवाइकाकडून ठाऊक होतं. म्हणून मी मेसेज लिहिला. बाबांची तब्येत छान आहे, आम्ही फिरायला आलो आहोत, त्यांच्या खात्यात तात्पुरती अडचण आहे म्हणून या वेळी माझ्याकडून. चांगला शुद्ध मराठीत, देवनागरीत लिहिला. आत्यानं सगळी हयात मराठी शिकवण्यात घालवलेली, तिला इंग्रजी अक्षरांतलं मराठी पाठवायची माझी छाती नव्हती.

त्यानंतर बाबा जरा मोकळे झाले. परतीच्या वाटेवर पहिल्यांदाच ते डेकवर माझ्या शेजारी उभे राहिले, टोपी हातात धरून. “ताईनं समुद्र पाहिलेला नाही,” ते मध्येच म्हणाले.  मी पुढं चालायला लागले, ते तिथंच उभे राहिले.

मुंबईला जहाजातून उतरलो आणि माझा फोन थरथरत राहिला. मिस्ड कॉलच्या सूचना, सगळ्या आत्याच्या नंबरवरून. माझ्या फोनवर, बाबांच्याही फोनवर. इतक्या वर्षांत जिचा एक फोन आला नाही, तिनं आम्ही समुद्रात असताना दोन दिवस सारखे फोन लावले होते. आम्ही लावला तेव्हा तो बंद होता.

“बिघडलं,” बाबा म्हणाले. “तिनं मना केलं होतं ना. आता ती पैसे परत करेल. मग काहीच राहायचं नाही.”

मुंबई ते ग्वाल्हेर हा प्रवास मी पुष्कळदा केला आहे, पण इतका लांब कधी वाटला नव्हता. मी डब्याच्या या दारापासून त्या दारापर्यंत चालत राहिले. बाबा खिडकीशी बसून बहिणीला काय सांगायचं त्याची तयारी करत होते. ओठ हलताना दिसायचे. मध्येच मला हाक मारून विचारायचे, होल्डला मराठीत काय म्हणावं? रोखलेले म्हणू की राखलेले? मी म्हटलं, रुमालाचं सांगा, तिला रुमाल कळेल. भोपाळ गेल्यावर एक होल्ड सुटल्याचा मेसेज आला. त्यांनी तो वाचला आणि फोन पालथा ठेवून दिला. जे हवे तेव्हा मिळाले नाहीत ते आता मिळून काय करायचे, असं काहीसं पुटपुटले.

घरापाशी रिक्षा थांबली तेव्हा शेजारीण फाटकातच उभी होती. मी बॅगा उतरवत होते.

“आप लोग आ गए! आपकी बहन जी रोज़ आ रही हैं,” ती बाबांना म्हणाली. “सुबह आती हैं, घंटी बजाती हैं, फिर यहीं सीढ़ी पर बैठ जाती हैं। मैंने कहा अंदर आ जाइए, पानी पी लीजिए, नहीं मानीं।”

“इथं?” बाबांनी मराठीतच विचारलं. “ताई इथं आली होती?”

“मैंने बताया कि समुद्र पर गए हैं, तो और घबरा गईं। बस एक ही बात पूछती थीं, बिटिया लौटी क्या। आपका तो कुछ पूछा ही नहीं।”

शेजारणीला वाटलं, ती गंमतीची गोष्ट सांगतेय. बाबांचा चेहरा उतरला. त्यांच्या उंबऱ्याला पाय लावणार नाही म्हणालेली बहीण पायरीवर येऊन बसली, आणि तीही त्यांच्यासाठी नाही. मला वाटलं, ते आता आत जातील, हातपाय धुतील, चहा मागतील आणि पुन्हा कधी हा विषय काढणार नाहीत. त्यांनी माझ्या हातातली बॅग घेतली, ती पुन्हा रिक्षात टाकली आणि रिक्षावाल्याला म्हणाले, “किला गेट चलो।”

किला गेटच्या गल्लीत रिक्षा आत जात नाही. बाबा पुढं, मी मागं. माझ्यापुढं चालताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्यांना घर माहीत होतं. इतक्या वर्षांत कधी आले नव्हते, तरी एकदाही न विचारता ते बरोबर दारापाशी जाऊन थांबले. कडी त्यांनीच वाजवली.

आत्यानं दार उघडलं. ती बाबांपेक्षा, मला आठवत होती त्यापेक्षा किती म्हातारी झाली होती. तिनं आधी बाबांकडे पाहिलं. मग त्यांच्या मागं माझ्याकडे. मग पुन्हा त्यांच्याकडे, आणि दाराची चौकट हातानं धरली.

“तू आहेस,” ती म्हणाली.

बाबांनी लगेच सुरुवात केली, आगगाडीत पाठ केलेलं सगळं. जहाज, कार्ड, रुमाल. पैसे गेले नव्हते ताई, माझेच होते, फक्त कुणाला उचलता येत नव्हते. तारीख पाळायची म्हणून हिच्याकडून पाठवले, हिनं तुला सगळं लिहूनही कळवलं. ते बोलत होते आणि ती ऐकत नव्हती. तिनं पदराखालून तो बटणांचा फोन काढून माझ्यापुढे धरला. बँकेच्या इंग्रजी मेसेजात माझं नाव स्वच्छ दिसत होतं. त्याखाली माझा मराठी मेसेज होता, ओळीच्या ओळी, आणि एकही अक्षर नाही. नुसते चौकोन. त्या फोनला देवनागरी येत नव्हती.

“पहिली तारीख आणि पोरीचं नाव,” आत्या बाबांना म्हणाली. “तू आहेस तोवर तुझं नाव, असं ठरलं होतं ना आपलं? मग मी काय समजणार? फोन लावते तर दोघांचे बंद. ती शेजारीण म्हणते, समुद्रात गेले.”

 सगळी वाट बाबा तारखेचा हिशेब जुळवत आले होते. ती दर महिन्याला त्या मेसेजात रक्कमही बघत नव्हती, तारीखही नाही. भाऊ आहे की नाही एवढंच बघत होती. हे आम्हा दोघांनाही त्या दारात उभं राहून कळलं. आम्ही दोघंही आकड्यांची माणसं, आम्हाला कुठून सुचणार?

“मग घरी येऊन तू माझं का नाही विचारलंस?” बाबांनी विचारलं. लहान मुलानं विचारावं तसं विचारलं.

“तुझं काय विचारायचं? तू गेला असशील तर गेलास, वय झालंय आपलं.” तिनं बोलता बोलता माझ्या मनगटाला धरलं, मला जरा खेचूनच घेतलं. “मी हिच्यासाठी येत होती. म्हटलं, बाप तिकडेच गेला आणि पोरगी परत येऊन घरात एकटी बसली आहे, दार लावून. कुणाला सांगणार नाही ही, ओळखते मी हिला. घंटी वाजवते, वाजवते, ही दार खोलतच नाही. रोज जायची मी. वाटायचं, आतच आहे आणि खोलत नाही.”

मी तिच्या हातात हात तसाच राहू दिला. मला नेहमी निघायचं असतं, कुठूनही. तेव्हा निघावंसं वाटलं नाही. माझ्यासाठी कुणी आपली शपथ मोडून पायरीवर येऊन बसेल, असं मी कधी धरूनच चालले नव्हते. मला रडू आलं, आणि मी ते अडवलं नाही.

“पैसे तुझ्याच नावानं येऊ दे,” आत्या बाबांना म्हणाली. “आणि हिला इकडे पाठवत जा.”

“आणि मी?”

तिनं त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. रिक्षातून उतरल्यापासून बॅग त्यांच्या हातात तशीच होती.

“तू काय विचारतोस, बाहेर उभा राहून,” ती म्हणाली. “आत ये आधी.”